सिस्टर, तुमच्याकडे पेशंट किती?

नर्सेसचे आभार मानायला आपल्याला मनापासून आवडतं. आपण स्टेटस टाकतो, टाळ्या वाजवतो, थाळ्यासुद्धा वाजवून झाल्या! पण एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट यावेत, याचा कायदा आपण कधी मागितलाय?

रात्रीचे अडीच. नांदेडमधल्या एका खासगी हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड. मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन, सकाळी नऊची डेडलाईन... आणि समोरच्या कॉटवर पप्पा.

आमचं गाव कंधार. ('कंदाहार? अफगाणिस्तानातलं?' हा जोक मी पुण्यात आल्यापासून किमान दोनशे वेळा ऐकलाय. आता हसतसुद्धा नाही.) तर हे आमचं कंधार नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरवर. राष्ट्रकूटांच्या काळातला किल्ला, मन्याड नदी आणि गल्लीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाच्या घरातलं सगळं माहीत. पप्पांना शुगर. पायाला काहीतरी लागलं, त्यांनी ते आठवडाभर अंगावर काढलं आणि पाय टम्म सुजल्यावर आईनं मला फोन केला. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थेट नांदेड गाठलं.

ॲडमिट होऊन तिसरी रात्र होती. नऊच्या सुमारास सिस्टर ट्रॉली ढकलत आली आणि तिनं विचारलं, "जेवले का हे?" मी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हटलं, "हो." खरं तर पप्पांनी खिचडीचे दोन घास खाऊन डबा बाजूला सरकवला होता. तोंडाला चव नाही म्हणाले होते. मला वाटलं, त्यात काय एवढं, एक वेळ नाही जेवलं माणूस तर काय बिघडतं?

संध्याकाळी इन्सुलिन घेतलेल्या माणसाचं बिघडतं. ते मला रात्री अडीचला कळलं.

पप्पा शांत झोपलेत असं मला वाटत होतं. सिस्टर पलीकडच्या कॉटचं सलाईन बदलायला आली होती. जाता जाता ती थांबली, तिनं पप्पांच्या कपाळाला हात लावला आणि एकदम म्हणाली, "घाम कधीपासून येतोय?" मी ब्लँक. तिनं हाका मारल्या. पप्पा काहीतरी असंबद्ध पुटपुटले. तिनं बोटाला सुई टोचून शुगर बघितली. मीटरवर आकडा आला ४४. पुढच्या काही मिनिटांत ड्युटी डॉक्टरला फोन, शिरेतून ग्लुकोज, पुन्हा शुगर... आणि थोड्या वेळानं पप्पांनी डोळे उघडून विचारलं, "काय झालं गं?"

काही झालं नव्हतं. कारण ती वेळेवर तिथून गेली होती.

मी तिला थँक्यू म्हटलं, सॉरी म्हटलं, पुन्हा थँक्यू म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडे पेशंट किती?"

"एकतीस. जोडीची सिस्टर सुट्टीवर हाय. काय करू ताई, हात दोनच हायत ना!"

तेव्हा बेल वाजली आणि ती गेली. मी मात्र सकाळपर्यंत एकच हिशोब करत बसले. ते पलीकडचं सलाईन अर्ध्या तासानं संपलं असतं तर?

हॅट्‌स ऑफचा फंडा

पुण्याला परत आल्यावर मी हा किस्सा ग्रुपमध्ये सांगितला. सगळ्यांच्या रिअ‍ॅक्शन सेम. 'हॅट्‌स ऑफ यार!' 'खरंच, देवदूत असतात या!' आपल्याला हे मस्त जमतं. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता बाल्कनीत उभं राहून थाळी वाजवणाऱ्यांत मीही होते. दरवर्षी १२ मे ला, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वाढदिवशी, मेणबत्तीचा फोटोही फॉरवर्ड करते.

पण बॉस, त्या रात्री पप्पांना माझ्या हॅट्‌स ऑफचा काडीचाही उपयोग नव्हता. उपयोग झाला असता तो वॉर्डात अजून एक सिस्टर असण्याचा. आणि वॉर्डात सिस्टर किती असाव्यात, हे कुणाच्या दयाळूपणावर ठरत नाही. ते धोरणावर ठरतं, पदांच्या मंजुरीवर ठरतं, बजेटवर ठरतं. म्हणजे ज्या गोष्टींवर आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कधीच बोलत नाही, त्यांच्यावर!

गणित सोप्पं आहे

माझी मावसबहीण नर्स आहे. घरात सगळे तिला 'बारकी' म्हणतात. बारावीनंतर जीएनएम केलं आणि आता पुण्यात जॉब. तिच्याकडून मी हे गणित समजून घेतलं, तुम्हीही घ्या.

भारतीय परिचर्या परिषदेचा, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष असा : मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक. ऐकायला किती छान! मला वाटलं, म्हणजे एका सिस्टरकडे पाचच पेशंट? बारकी हसली. "ताई, आम्ही चोवीस तास काम करतो का? शिफ्ट तीन असतात." म्हणजे पाचाला एक याचा प्रत्यक्षातला अर्थ एका शिफ्टमध्ये पंधरा पेशंटमागे एक. तीनाला एक याचा अर्थ नऊ पेशंटमागे एक. शिवाय सुट्ट्या, आजारपण, बाळंतपणाच्या रजा यांसाठी ३० टक्के जादा नर्सेस धरायच्या.

आता तीस कॉटचा साधा वॉर्ड घ्या. पाचाला एक म्हणजे सहा नर्सेस, रजेसाठीच्या धरून आठ. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यात महाराष्ट्राच्या सरकारी आरोग्यसेवेत नर्सेसची सुमारे ३५ टक्के कमतरता दिसली. हा हिशोब आपल्या वॉर्डाला लावला तर आठातल्या पाचच उरतात. एकेकीच्या आठवड्याला सहा ड्युट्या, म्हणजे एकूण तीस. आठवड्यात शिफ्ट एकवीस. सकाळी डॉक्टरांचा राउंड, ड्रेसिंग, इंजेक्शनं, डिस्चार्ज, सगळी गडबड तेव्हाच, म्हणून तिथे दोघी तरी लागतात. त्यात चौदा ड्युट्या गेल्या. संध्याकाळी एक, रात्री एक, अजून चौदा. झाले अठ्ठावीस. हातात राहिल्या दोन ड्युट्या. एखादीला डेंग्यू झाला किंवा एखादीच्या भावाचं लग्न निघालं, की संपलं सगळं गणित!

म्हणजे रात्री एकच सिस्टर असणं हा अपघात नाही. ते गणिताचं उत्तर आहे.

आधी देवदूत, मग आरोपी

हे गणित चुकतं तेव्हा काय होतं? आमच्या नांदेडकरांना ते वेगळं सांगायला नको. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बाळं होती. देशभरचे कॅमेरे नांदेडला आले. एका खासदारांनी डीनच्या हातात झाडू देऊन टॉयलेट साफ करायला लावलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, औषधं आणि रिकाम्या पदांबद्दल सरकारला प्रश्न विचारले. खरा प्रश्न तोच होता. पण आपल्या लक्षात राहिला तो झाडू.

थोडं मागे जाऊया. ९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला मध्यरात्री आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली आणि कोविडचे पेशंट दगावले. दोन्हीकडे कारवाई झाली. भंडाऱ्यात दोन नर्सेसवर गुन्हा दाखल झाला, नगरमध्ये एका डॉक्टरबरोबर तीन नर्सेसना अटक झाली. ड्युटीत कुचराई झाली असेल तर चौकशी व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण वायरिंग नर्स करत नाही, फायर ऑडिट नर्स करत नाही, रिकामी पदं नर्स भरत नाही. तरी पोलीस येतात तेव्हा वॉर्डात हजर असते तीच!

ज्या वर्षी आपण त्यांना कोविड योद्धा म्हणत होतो, त्याच वर्षातल्या या दोन्ही घटना.

सॅलरी स्लिपची गोष्ट

बारकीनं पहिल्या नोकरीचा पगार मला सांगितला तेव्हा मी आधी गप्प झाले, मग हिशोब केला. मी माझ्या वन बीएचकेचं जेवढं भाडं देते, त्यापेक्षा तो कमी होता. शिवाय बाँड. दोन वर्षं सोडून जायचं नाही आणि तोपर्यंत ओरिजिनल सर्टिफिकेट्स हॉस्पिटलच्या कपाटात. (हॉस्पिटलचं नाव ती सांगू देत नाही. अजून रिलीव्हिंग लेटर यायचंय.)

आता गंमत बघा. सुप्रीम कोर्टानं २९ जानेवारी २०१६ ला केंद्राला सांगितलं होतं की खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेसचे पगार आणि कामाची स्थिती यांवर समिती नेमा. समिती नेमली, तिनं शिफारसी केल्या आणि त्या अगदी स्पष्ट आहेत. दोनशेहून जास्त कॉटचं हॉस्पिटल असेल तर सरकारी नर्सइतका पगार. शंभर ते दोनशे कॉट असतील तर सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर २५ टक्के कमी. आणि पन्नासच्या आतलं छोटं हॉस्पिटल असलं तरी महिन्याला किमान २० हजार.

पण आरोग्य हा राज्याचा विषय. केंद्रानं शिफारसी राज्यांकडे पाठवल्या, अंमलबजावणी राज्यांनी करायची. केरळमध्ये नर्सेसनी मोठं आंदोलन केलं आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारनं खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेससाठी किमान २० हजारांची अधिसूचना काढली. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर कागद हलतो.

आपल्याकडे? मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या, कारण भरती बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी पद्धतीनं करायचं घाटत होतं. जुलै २०२५ मध्ये त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. मागण्या त्याच : कायम भरती, वेतनातल्या त्रुटी दूर करा. टीव्हीवर काय दिसलं? 'संपामुळे रुग्णांचे हाल.' अहो, संप नसतानाही त्यांचे हाल होतायत, त्याची ब्रेकिंग न्यूज कोण करणार?

आणि २०२३ मध्ये संसदेनं नर्सिंगसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. चांगली गोष्ट आहे. पण त्याचा भर शिक्षण, दर्जा आणि नोंदणी यांवर. रात्री वॉर्डात किती जणी असाव्यात, ते गणित जिथल्या तिथेच.

गुटेन मॉर्गेन, कंधार!

मागच्या दिवाळीत बारकी कंधारला आली ती जर्मन पुस्तक घेऊन. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, इथलं दहा हजार कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवण्याचा. त्यात नर्सेससुद्धा आहेत. तेव्हापासून तिच्या होस्टेलवर निम्म्या मुली जर्मनचा क्लास लावून बसल्यात म्हणे.

अंगणात फराळ चालला होता. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय वाचायलीस गं? अन् लग्नाचं काय?" बारकीनं लाडू खात सांगितलं, "काकू, मागच्या स्थळानं नाईट ड्युटी सोड म्हणून सांगितलं. जर्मनीला तसं कुणी म्हणत नाही." काकू गप्प. आम्ही सगळे हसलो. मावशी मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "पोरी तिकडं गेल्यावर इकडं आमाला कोण बघणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारकीला थांब म्हणायचा मला काय हक्क? मीसुद्धा चांगल्या पैशासाठी कंधार सोडलंच ना! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५८ लाख नर्सेस कमी आहेत. म्हणजे आपल्या मुलींना जग बोलावणारच. प्रश्न एवढाच आहे की त्या आनंदानं जातायत, की इथे दोन हातांनी एकतीस पेशंट सांभाळून थकल्या म्हणून जातायत?

जमतं हो!

'हे सगळं बोलायला ठीक आहे, पैसा कुठून आणणार?' माझा एमबीए मित्र. मीटिंगमध्ये विचारतात तसाच विचारला त्यानं. मग उत्तरही आकड्यांत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटल्सचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला, की ऑपरेशननंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. एकच पेशंट, बरं का! कॅलिफोर्नियानं तर १९९९ मध्येच कायदा केला आणि २००४ पासून तो लागू झाला. आज तिथे जनरल वॉर्डात एका नर्सकडे पाचापेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत, आयसीयूत दोनापेक्षा जास्त नाहीत. दिवसाही आणि रात्रीही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडनं २०१६ मध्ये असाच नियम केला : दिवसा चार पेशंटमागे एक नर्स, रात्री सातामागे एक. मग २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशोब छापून आला. नियम लागू झालेल्या २७ हॉस्पिटल्समध्ये अंदाजे १४५ मृत्यू टळले, शिवाय पेशंट लवकर घरी गेले आणि पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाणही घटलं. त्यातून वाचलेला पैसा जादा नर्सेसवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होता.

एमबीए मित्र म्हणाला, "सही आहे रे, हे तर प्रॉफिटेबल आहे!" चला, निदान त्या भाषेत तरी पटलं.

आपण कॅलिफोर्निया नाही, मान्य. उद्या लगेच पाचाला एक होणार नाही. पण आज आपल्याकडे निकष आहे आणि तो मोडला तर कुणालाच काही होत नाही. तो मोडणाऱ्याला उत्तर द्यावं लागणं, ही सुरुवात तर करता येईल?

चौकट : एवढं तरी हवंच!

• नर्स आणि पेशंटचं प्रमाण शिफ्टनुसार ठरवणारा कायदा. सरकारी आणि खासगी, दोन्ही हॉस्पिटल्सना लागू. रात्रीचा आकडा वेगळा लिहिलेला.
• प्रत्येक वॉर्डाच्या दारावर पाटी : आज या शिफ्टला पेशंट इतके, नर्सेस इतक्या.
• सरकारी रिकामी पदं ठरलेल्या मुदतीत कायम स्वरूपात भरणं. कंत्राट हा तात्पुरता उपाय, धोरण नव्हे.
• २०१६ च्या समितीच्या पगाराच्या शिफारसी महाराष्ट्रात लागू करणं आणि सर्टिफिकेट अडकवून ठेवणारे बाँड बंद करणं.
• रात्रपाळीसाठी सुरक्षित विश्रांतीची खोली आणि घरी सोडायला गाडी. कॉल सेंटरच्या मुलींना कॅब मिळते, मग सिस्टरला का नाही?

आणि आपण काय करायचं?

आपण मोर्चे काढणारी माणसं नाही, मला माहितीये. पण आपल्या हातात एक गोष्ट आहे : मेडिक्लेम. आपल्या कंपन्या ज्या हॉस्पिटल्सशी टाय-अप करतात, त्यांना आपल्यासारख्या पेशंटची गरज असते. रूममध्ये एसी आहे का, वाय-फाय आहे का, हे आपण बिनधास्त विचारतो. पुढच्या वेळी ॲडमिशनच्या काउंटरवर अजून एक प्रश्न विचारा : रात्री या वॉर्डात एका नर्सकडे पेशंट किती असतात? पहिल्यांदा ते तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघतील. शंभर जणांनी विचारलं की उत्तर तयार ठेवतील. आणि मत मागायला दारात येणाऱ्याला विचारा, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात नर्सची पदं किती आणि भरलेली किती? गटारं, रस्ते, पाणी यांबरोबर हाही प्रश्न असू दे.

पप्पा आता ठणठणीत आहेत. पाय बरा झालाय, पथ्य मात्र आईची पाठ वळली की मोडतात. या १२ मे ला सकाळी सात वाजता त्यांनी फॅमिली ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि 'जागतिक परिचारिका दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' पाठवलं. मी त्याखाली त्या रात्रीची पूर्ण गोष्ट लिहिली. 'जेवले का?' या प्रश्नाला मी दिलेल्या उत्तरासकट. घरी कुणालाच ते माहीत नव्हतं.

बराच वेळ ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, आता पप्पांचा फोन येणार आणि चांगली खरडपट्टी निघणार.

फोन नाही, मेसेज आला. "ती पोरगी त्या रात्री जेवली होती का गं? विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं.